मागचं वजन

(सकाळचे सात. राजापूर तालुक्यातली उतारावरची हापूसची बाग. ट्रॅक्टर सुरू होण्याचा आवाज.)

मे संपत आलाय. आंबा उतरून झाला, पेट्या गेल्या, आणि आता बागेत दुसरीच घाई सुरू आहे. मिरग लागायच्या आत खाली टाकलेली माती आणि शेणखत वरच्या कलमांच्या आळ्यांत पोचायला हवं. डोक्यावर घमेली वाहायला माणसं मिळत नाहीत, म्हणून पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर आणलाय. पुढे लोडर.

बकेट मातीत घुसते, भरते, उचलली जाते. आता जरा ट्रॅक्टरच्या मागे बघा. हायड्रोलिकच्या दोन हातांवर एक पोरगा उभा आहे, मडगार्डला धरून. सोळा-सतरा वर्षांचा असेल. त्याचं काम नुसतं उभं राहायचं.

"मागं वजन नको काय?" चालक तात्या विचारतात.

हवंच. पण पंचावन्न किलोच्या पोराने कितीसं वजन पडणार? आणि पाय सटकला तर तो पडणार नेमका मागच्या चाकाजवळ.

(बकेटचं जवळून दृश्य. दातांमधून लाल माती गळतेय.)

हिशेब तराजूचा आहे. या तराजूचा टेकू म्हणजे पुढची चाकं. समजा बकेटमध्ये ४०० किलो माती आहे आणि ती पुढच्या अ‍ॅक्सलच्या दीड मीटर पुढे आहे. दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर दोन मीटर. मग मागची चाकं ३०० किलोंनी हलकी होतात. हे ३०० किलो कुठे जात नाहीत, पुढच्याच चाकांवर येऊन बसतात. माती ४०० किलोंची, पुढच्या अ‍ॅक्सलवर भर मात्र ७०० किलोंची. म्हणून तर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. आणि ढिगातून रिव्हर्स घेताना मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं, की मागे वजन उरलेलं नाही असं समजायचं.

चाक फिरण्याचं एवढं भय नाही. भय ब्रेकचं आहे. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. तीच चाकं जमिनीला जेमतेम टेकलेली असतील, तर उतारावर ब्रेक कितीही दाबा, चाक थांबेल आणि ट्रॅक्टर घसरत राहील. त्यात ही जांभ्याची जमीन. उन्हाळ्यात वर बारीक खडीचा थर, पाऊस पडला की शेवाळ.

(ट्रॅक्टरच्या समोरून, जमिनीलगत कॅमेरा. एक चाक दगडावर चढतंय, पुढचा अ‍ॅक्सल तिरका होतोय, वरचं धूड मात्र सरळच.)

हे दृश्य आम्ही तीनदा घेतलं, कारण पहिल्यांदा आमच्याही लक्षात आलं नव्हतं. पुढचा अ‍ॅक्सल ट्रॅक्टरला दोन टोकांना बांधलेला नाही. मधोमध एक जाड पिन आहे, तिच्यावर तो झुलतो. खाचखळग्यांतून चारही चाकं जमिनीवर राहावीत म्हणून ही सोय. पण तोल सांभाळायची वेळ आली की पुढची दोन चाकं दोन राहत नाहीत, ती एकच पाय होतात. ट्रॅक्टर उभा असतो तीन पायांवर: मागे दोन, पुढे एक.

घरातली तीन पायांची आडणी आठवा. दोन पायांच्या बाजूला जड भांडं ठेवलं तर ती हलत नाही. तेच भांडं एकट्या पायाकडे सरकवा आणि बोटाने जरा बाजूला ढकला. आडणी पुढे पडत नाही, कुशीवर कलंडते. भरलेली बकेट हेच करते, ट्रॅक्टरचा सगळा भार त्या एकट्या पायाकडे ओढते. बकेट उंच असेल तर आणखी वाईट. लोडरचा ट्रॅक्टर नाकावर पडेल अशी भीती लोकांना वाटते. तो पडतो बहुधा बाजूला, वळताना.

म्हणून मागे वजन. आता प्रश्न असा, की मागे म्हणजे नक्की कुठे?

पहिली पद्धत चाकात पाणी भरायची. चाक जॅकवर उचलायचं, वॉल्व्ह वर घड्याळात बारा वाजतात तिथे आणायचा, आणि त्या पातळीपर्यंत पाणी सोडायचं. टायर पाऊण भरतो, वरच्या भागात हवा राहते. या मापाच्या एका टायरात दीड-दोनशे लिटर पाणी सहज जातं. थंड देशांत ते गोठू नये म्हणून त्यात क्षार घालतात आणि मग रिम गंजते. आपल्याकडे साधं विहिरीचं पाणी चालतं. विहीर आटली म्हणून खाडीचं पाणी भरायचा मोह मात्र होऊ देऊ नये. फुकटचं मीठ रिमला कशाला पाजायचं?

या पाण्याने मागची चाकं जमिनीला नीट टेकतात, ब्रेक धरतो. पण पुढच्या अ‍ॅक्सलवर आलेले ७०० किलो तसेच राहतात, कारण पाणी अ‍ॅक्सलच्या मागे नसून बरोबर अ‍ॅक्सलवर आहे. चाकाला लावायच्या बिडाच्या वजनांचंही तेच.

(बागेतल्या शेडसमोर. प्लायवूडचा साचा, खडी, वाळू, सिमेंट.)

दुसरी पद्धत मागे वजनाची पेटी टांगायची. तेच ४०० किलो मागच्या अ‍ॅक्सलच्या एक मीटर मागे टांगले, तर मागच्या चाकांवर ६०० किलो वाढतात आणि पुढच्या अ‍ॅक्सलवरचे २०० किलो उतरतात. शेतकऱ्याला फुकट मिळणाऱ्या गोष्टी फार थोड्या. हा मीटरभर अंतराचा फायदा त्यातला एक.

पेटी लावायची थ्री-पॉइंट लिंकेजला, म्हणजे खालचे दोन हात (लोअर लिंक) आणि वरचा एक दांडा (टॉप लिंक) अशा तीन जागी. याचीही गंमत आहे. सुरुवातीच्या ट्रॅक्टरांना नांगर नुसता मागे अडकवलेला असे. नांगर दगडाला अडला की ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन चालकाच्या अंगावर उलटायचा. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांनी तीन बिंदूंची जोडणी बसवली आणि १९३९ साली ती फोर्डच्या ट्रॅक्टरवर बाजारात आली. मागून उलटणारा ट्रॅक्टर आवरायला निघालेली युक्ती आज पुढे झुकणाऱ्या ट्रॅक्टरला सावरतेय.

साठ सेंटिमीटर लांब, साठ रुंद, पंचेचाळीस उंच. एवढ्या साच्यात काँक्रीट ओतलं की ३९० किलोंच्या आसपास भरतं. सिमेंट सव्वा-दीड गोण. खालच्या बाजूला आडवा गज, दोन्ही टोकं लोअर लिंकसाठी बाहेर काढलेली. वर टॉप लिंकचा कान. बागेच्या मालकांना आधी वाटलं, चिरेखाणीवरचे जांभ्याचे तुकडे फुकट पडलेत, पेटीत तेच भरू. भरून बघितले. जांभा मुळात सच्छिद्र, त्यात तुकड्यांमध्ये पोकळी, तेवढ्याच पेटीत निम्मं वजनही बसेना. शेवटी काळ्या दगडाची खडी आणली. आठवडाभर ओली पोती टाकून पाणी मारलं.

ज्यांना हा खटाटोप नको, ते रोटावेटर मागे लावून ठेवतात. वजन जमतं. पण वळताना तो कलमांच्या बुंध्याला घासतो, आणि बागायतदाराचा चेहरा मग बघवत नाही.

(पेटी लावलेला ट्रॅक्टर. चालक चेक चेन आवळतायत.)

पेटी झोके घेता कामा नये, म्हणून चेन ताठ. पेटी जमिनीपासून वीतभर वर, त्याहून उंच नाही. दोन ब्रेक पेडल एकत्र जोडणारी पट्टी लावलेली. ती विसरली आणि उतारावर एकाच चाकाला ब्रेक लागला, तर ट्रॅक्टर गर्रकन फिरेल. भरलेली बकेट गुडघ्याएवढ्या उंचीवर. चढताना पुढे तोंड करून, भरलेल्या बकेटसह उतरायचं झालं तर रिव्हर्समध्ये, म्हणजे बकेट नेहमी चढाच्या बाजूला राहते. आणि लोडर काढला की पेटीही काढायची, नाहीतर घाटीच्या चढावर पुढची चाकंच उचलतील.

मालक घड्याळाकडे बघतायत. "तात्या, पावसाआधी होईल ना?"

"व्हईल की. कालपेक्षा बकेट जास्त भरतंय."

हे ऐकून आम्हाला जरा धडकी भरली. पेटी लावली म्हणून लोडरची मर्यादा वाढत नाही. पुढच्या टायरची, अ‍ॅक्सलची, त्या मधल्या पिनची ताकद आहे तेवढीच आहे. कॅमेरा बंद करून तात्यांना तसं सांगितलं. त्यांनी ऐकलं, आणि पुढची बकेट काठापर्यंतच भरली.

(वरचा टप्पा. माती आळ्यात पडतेय. आकाशात दक्षिणेकडून ढग.)

कालपर्यंत हायड्रोलिकवर उभा असलेला पोरगा आज गडग्यावर बसलाय. ओंजळीत करवंदं. ट्रॅक्टर रिव्हर्स यायला लागला की तो उठून उभा राहतो, लांबूनच हात हलवतो.

"येऊ दे, येऊ दे... बास!"