नागीण फोडांच्या आधी दुखण्यातून कळते

नमस्कार मंडळी. आज कांजिण्या आणि नागीण ह्या दोन दुखण्यांबद्दल बोलायचंय, तसं बघितलं तर एकाच व्हायरसबद्दल, कारण कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो व्हायरस अंगातून जात नाही, मणक्याजवळ नसांच्या मुळाशी पडून राहतो आणि वय झालं किंवा अंगातली ताकद कमी पडली की पुन्हा उठतो, तीच नागीण.

कांजिण्या ओळखणं त्यामानाने सोपं. ताप, मरगळ, मग छाती-पोटावर, तोंडावर खाजरं पुरळ. खूण अशी की एकाच वेळी काही नुसते लाल ठिपके, काही पाण्याचे फोड, काही खपली धरलेले, असं सगळं दिसतं. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत पोराला शाळेत पाठवू नका, आणि तापाला अ‍ॅस्पिरिन तर अजिबात देऊ नका.

नागीण मात्र फसवते. माझ्या मावशीच्या उजव्या कुशीत नुसती आग-आग व्हायला लागली, वर काहीच दिसेना, आम्ही म्हटलं पित्त असेल. पदर घासला तरी ती कळवळायची. चौथ्या दिवशी पाठीपासून पोटाकडे फोडांचा पट्टा उठला, बारीक बारीक घोसच, आणि बरोबर बेंबीच्या रेषेपाशी थांबलेला. मग कुणी गेरू लावला, कुणी म्हणालं मंत्र घालून उतरवून आणा, तोंड-शेपूट जुळलं तर माणूस वाचत नाही. ह्यात पाच दिवस गेले. फोड वाळले, पण कळा पुढे आठ महिने, रात्री उठून बसायची बिचारी.

अहो, ते तोंड-शेपूट जुळण्याचं खरं नाही. नस एका बाजूची, म्हणून पुरळ पण एकाच बाजूला. भीती घालायचीच तर उशिराची घाला, कारण व्हायरसवरच्या गोळ्या पुरळ दिसल्यापासून 72 तासांत सुरू झाल्या तर जास्त उपयोगी पडतात. तेव्हा एकाच बाजूला आग, मुंग्या, टोचल्यासारखं होत असेल तर रोज तिथली कातडी बघा, आणि फोड दिसला की त्याच दिवशी दवाखाना.

नागिणीपासून दुसऱ्याला नागीण होत नाही, पण फोडातल्या पाण्यातून, ज्याला कांजिण्या आल्या नाहीत त्याला कांजिण्या होऊ शकतात, म्हणून फोड झाका, तान्ह्या बाळांना आणि गरोदर बायकांना जपा. आणि कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर सकाळची वाट बघू नका, डोळ्याला धोका असतो, लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.