मनुष्यबळ

पडद्यावर स्लॅब भरण्याचे काम सुरू आहे. मिक्सरमधला माल घमेल्यात पडतो, घमेले या हातातून त्या हातात चढत जाते, आणि पुढच्याने ते नीट धरले आहे याची बोटांनीच खात्री करून मागचा हात सोडतो. रिकामी घमेली दुसऱ्या बाजूने खाली येत राहतात. मध्येच थांबून चालत नाही, कारण घट्ट होऊ लागलेल्या काँक्रीटशी नवा माल एकजीव होत नाही. म्हणूनच मुकादमाला आदल्या दिवशी एकच प्रश्न विचारलेला असतो, की उद्या माणसे किती येणार?

कागदावर उतरताना याच माणसांचे ‘मनुष्यबळ’ होते. एखाद्या कामासाठी उपलब्ध असलेली माणसे, त्यांच्या कौशल्यासह, असा त्याचा अर्थ. संख्याबळ, सैन्यबळ यांच्या पंगतीतला हा शब्द. संस्कृतात ‘बल’ म्हणजे शक्ती आणि सैन्यही. तो पुरवला जातो, अपुरा पडतो, वाढवला जातो, पण ‘दोन मनुष्यबळे’ असे कोणी म्हणत नाही, कारण सुटे माणूस त्यात उरतच नाही.

हिशेबाला मात्र त्याची गरज आहे, हे मान्यच केले पाहिजे. चाळीस माणसे तीन दिवस राबली काय आणि तीस माणसे चार दिवस राबली काय, दोन्हींचे मनुष्यदिवस १२०च भरतात. या रांगेला ते सारखे नाहीत : दहा जण कमी आले की उरलेल्यांमधले अंतर वाढते आणि प्रत्येक भरलेल्या घमेल्यामागे दोन पावले अधिक चालावी लागतात.

भारतात १९८५ पासून २०२० पर्यंत शिक्षणाचा कारभार पाहणारे केंद्रीय मंत्रालयसुद्धा मराठीत ‘मनुष्यबळ विकास मंत्रालय’ म्हणून ओळखले जात होते, म्हणजे अक्षरे गिरवणारे मूलही या शब्दाच्या पोटात आले होते. वास्तविक श्रम ही क्रयवस्तू नव्हे, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने फिलाडेल्फियाच्या घोषणापत्रात १९४४ मध्येच नमूद केले होते. ‘मनुष्यबळ कपात’ या दोन शब्दांत कितीकांची कामे जातात.

आमचा आग्रह इतकाच, की जिथे ‘कामगार’ म्हणता येते तिथे तसेच म्हणावे.

काम संपले आहे. मुकादमाच्या मांडीवरच्या हजेरीपत्रकात नावे एकाखाली एक लिहिलेली आहेत, आणि आपले नाव कुठे आहे हे एक जण सिमेंटने पांढरे पडलेले बोट लावून शोधतो आहे.