कोनाडा रिकामा, जागा भरलेली

[दृश्य : न्यूयॉर्क. मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या पायऱ्या. कॅमेरा बसलेल्या माणसांवरून हळूहळू वर जातो.]

या पायऱ्यांवर दिवसभर माणसं बसलेली असतात. बहुतेकांची पाठ इमारतीकडे. त्यामुळे वर काय आहे, ते फारसं कुणी पाहत नाही.

वर, जोडखांबांच्या माथ्यावर, दगडांचे ढीग आहेत. ओबडधोबड, थरावर थर रचलेले. पाथरवट काम अर्धवट टाकून जेवायला गेले आणि परत आलेच नाहीत, असं वाटावं. खरी गोष्ट याहून फार वेगळी नाही. रिचर्ड मॉरिस हंट या वास्तुकारानं हा दर्शनी भाग आखला, तेव्हा या दगडांतून शिल्पसमूह कोरले जाणार होते. पैसे पुरले नाहीत. १९०२ मध्ये इमारत लोकांसाठी उघडली, ती ढिगांसकट.

खाली चार कोनाडेही होते. मूर्तींसाठीच केलेले. तेही रिकामे राहिले. ११७ वर्षं.

[दृश्य : कोनाड्यातली बसलेली ब्रॉन्झ स्त्री. तिच्या चेहऱ्यावरच्या चकतीत आभाळ चमकतं.]

२०१९ मध्ये तिथे चार स्त्रिया येऊन बसल्या. ब्रॉन्झच्या. त्या घडवल्या नैरोबीत जन्मलेल्या वांगेची मुटू यांनी. युरोपच्या वास्तुकलेत बाईला खांब करण्याची जुनी रीत आहे. डोक्यावर छप्पर, चेहरा शांत, आणि शतकानुशतकं उभं राहायचं. मुटू यांच्या बायका काहीच उचलत नाहीत. त्या बसल्या आहेत, आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे पाहताहेत.

कोनाडा ज्या परंपरेसाठी कोरला होता, तिलाच कोनाड्यात बसून दिलेलं हे उत्तर. हे उत्तर दुसऱ्या कुठल्या भिंतीवर इतकं नेमकं बसलं नसतं.

आणि मग, ठरल्याप्रमाणे, त्या उतरल्या. कोनाड्यांत दुसऱ्या कलावंतांची कामं आली. ‘ठरल्याप्रमाणे’ हा शब्द लक्षात असू द्या. आजच्या गोष्टीत तो पुन्हा येणार आहे.

[शीर्षक पडद्यावर]

संग्रहालयाला वस्तू विकत घेणं चांगलं जमतं. वस्तू समोर असते, तिचं वय माहीत असतं, ती कुठे ठेवायची तेही ठरवता येतं. काचेच्या आत, मोजक्या उजेडात, कुणी हात लावणार नाही अशा जागी.

आवारासाठी नवी कलाकृती करून घेणं हा निराळाच व्यवहार. इथे पैसे मोजायचे ते अजून नसलेल्या वस्तूसाठी. ती बाहेर राहणार. तिच्यावर ऊन पडणार, पाऊस पडणार, कबुतरं बसणार आणि मुलं चढणार. मुलं चढणारच, हे आरंभीच मान्य करून टाकावं. ‘चढू नये’ अशी पाटी लावून शिल्प वाचवता येतं, हा भ्रम संग्रहालयांनी फार वर्षं जपला आहे.

मोठी गैरसमजूत मात्र वेगळीच आहे. नकाशावर आवार रिकामं दिसतं. हिरवा चौकोन, मध्ये पायवाट, एका कोपऱ्यात झाड. समितीतलं कुणीतरी त्या चौकोनावर बोट ठेवून म्हणतं, ‘इथे काहीतरी छान हवं.’

त्या चौकोनाच्या खाली जुन्या इमारतीचा पाया असू शकतो. गटारं, तारा, झाडाची मुळं असतात. जुन्या वास्तूच्या आवारात फूटभर खणायचं तरी पुरातत्त्वाच्या परवानग्या लागू शकतात. म्हणूनच अशा ठिकाणी पुष्कळदा पाया न खणता, नुसत्या वजनावर उभी राहणारी बैठक करतात. कलावंताच्या कल्पनेइतकंच या बैठकीचं गणित शिल्पाचा आकार ठरवतं, आणि उद्घाटनाच्या भाषणात ते कधीच येत नाही.

जमिनीच्या वर आणखी एक गोष्ट असते. सवय. लोक कुठून आडवे जातात, कुठे टेकतात, कुठल्या कोपऱ्यातून इमारतीचा फोटो घेतात. ही सवय नकाशात नसते. तिथे जाऊन, आठवडाभर नुसतं उभं राहून पाहावी लागते.

[दृश्य : न्यूयॉर्क, फेडरल प्लाझा. जुनी छायाचित्रं. गंजलेल्या पोलादाची लांब वळणदार भिंत.]

हे संग्रहालयाचं आवार नाही, सरकारी कचेरीसमोरचा चौक आहे. पण आवारात कला आणू पाहणाऱ्या प्रत्येकानं इथे एकदा थांबावं.

१९८१ मध्ये शिल्पकार रिचर्ड सेरा यांनी इथे पोलादाची भिंत उभी केली. लांबी १२० फूट, उंची १२ फूट. काम सरकारनंच सोपवलेलं. भिंत चौकाला मधोमध चिरत गेली. रोज सरळ चालत जाणाऱ्याला वळसा पडू लागला, आणि सेरा यांना तेच हवं होतं. चालणाऱ्याला स्वतःच्या चालण्याची जाणीव व्हावी. कचेरीत वेळेवर पोचायच्या घाईत असलेल्या माणसाला ही जाणीव नको होती.

१९८५ मध्ये जाहीर सुनावणी झाली. भिंत राहावी म्हणून १२२ जण बोलले, हलवावी म्हणून ५८. तरी समितीनं चार विरुद्ध एक मतानं हलवण्याच्या बाजूनं कौल दिला. सेरा यांचं म्हणणं होतं, हे काम याच जागेसाठी आहे, जागेवरून हलवणं म्हणजे ते नष्ट करणं. १५ मार्च १९८९ च्या रात्री भिंत कापून उचलली गेली.

या प्रकरणात कलावंत बरोबर की कर्मचारी, हा वाद अजून रंगतो. मला दोघंही आपापल्या जागी बरोबर वाटतात. चुकली ती काम सोपवणारी यंत्रणा. कलावंताला तिनं कायमचं वाटावं असं काम दिलं, आणि रोज तिथून जाणाऱ्यांना आधी काही विचारलंच नाही. शेवट कसा होईल, कोण ठरवेल, कोणत्या कारणानं, याचा सर्वांना मान्य असा करार नव्हता. मग तो शेवट रात्री, कटरनं झाला.

[दृश्य : पॅरिस. लूव्रचं आवार. पिरॅमिडच्या काचांवर ढग.]

आधी विचारायचं म्हणजे कसं, याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण पॅरिसमधलं आहे. हा पिरॅमिड म्हणजे प्रवेशद्वार, शिल्प नव्हे. पण अडचण तीच : कित्येक शतकं जुन्या राजवाड्याच्या अंगणात नवं काय ठेवायचं?

वास्तुकार आय. एम. पेई यांचा आराखडा जाहीर झाला तेव्हा पॅरिस खवळलं. रेखाटनं दाखवून कुणाचं समाधान होईना. मग १९८५ च्या मे महिन्यात अंगणात क्रेन आणली आणि खऱ्या मापाचा पिरॅमिड उभा केला. काचेचा नव्हे, तारांचा. चार कडा, एक टोक, बाकी हवा. हजारो पॅरिसकर येऊन त्याभोवती फिरले. केवढा उंच आहे, मागचा राजवाडा किती झाकला जातो, हे प्रत्येकानं आपापल्या डोळ्यांनी मोजलं. विरोध लगेच संपला नाही, पण आता लोक कल्पनेतल्या राक्षसाशी भांडत नव्हते. १९८९ मध्ये खरा पिरॅमिड झाला.

टेबलावरची छोटी प्रतिकृती नेहमीच देखणी दिसते. बाहुलीघर कुणाला आवडत नाही? खऱ्या मापाची तार, बांबू, कापड, काहीही चालेल, पण ते त्या जागेवर उभं करून पाहिलं की अनेक चांगल्या कल्पना आपोआप गळतात आणि एखादी साधीशी कल्पना अचानक उभी राहते.

जाता जाता एक गंमत. पिरॅमिडच्या आधी या अंगणात गाड्या उभ्या असायच्या. अर्थखात्यातल्या लोकांच्या. राजवाड्याच्या अंगणात मोटारी चालत होत्या, काच चालेना.

[दृश्य : जवळच, पॅले रॉयालचं अंगण. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे खांब, कमीजास्त उंचीचे. त्यावर उड्या मारणारी मुलं.]

इथेही मोटारीच असायच्या. मग कलावंत दानिएल ब्युरेन आले. २६० खांब, संगमरवरी, पांढरे आणि काळे पट्टे, प्रत्येक पट्टा ८.७ सेंटिमीटरचा. पुन्हा आरडाओरडा, पुन्हा कोर्टकचेऱ्या, काम मधेच थांबलं, आणि शेवटी १९८६ मध्ये पूर्ण झालं. आता या बुटक्या खांबांवर चढून फोटो काढला नाही तर पॅरिसला गेल्यासारखं वाटत नाही.

पण मला दाखवायचं आहे ते खाली. या जाळ्यांच्या खाली. कलाकृतीचा एक भाग जमिनीखाली आहे : तिथे पाणी वाहायला हवं, त्याचा आवाज वर यायला हवा. काही वर्षांनी पाणी बंद पडलं. दिवे गेले. कुणी मुद्दाम मोडतोड केली नव्हती. नुसतं कुणी दुरुस्त केलं नाही. २००७ च्या अखेरीस स्वतः ब्युरेन जाहीरपणे चिडले : नीट ठेवता येत नसेल तर काम काढूनच टाका. त्यानंतर मोठी दुरुस्ती झाली आणि २०१० मध्ये खांब पुन्हा खुले झाले.

विरोधातून वाचलेलं काम दुर्लक्षानं मरायला टेकलं होतं. बहुतेक कामं अशीच मरतात. ब्रॉन्झला वेळोवेळी धुऊन मेणाचा थर द्यावा लागतो. गंजाचा तांबूस थर हेच ज्याचं सौंदर्य, त्या पोलादावरून ओघळलेलं पाणी शेजारच्या फिक्या दगडावर डाग पाडतं, आणि तो दगड दोनशे वर्षांचा असेल तर बोलायलाच नको. गवत कापायचं यंत्र शिल्पाच्या बुडाला टवके पाडतं. वरवर क्षुल्लक वाटणारं, पण ठरलेलं.

म्हणून एकूण रकमेतला एक हिस्सा पहिल्याच दिवशी देखभालीसाठी बाजूला काढावा. पम्प कोण पाहणार, मेण कोण लावणार, त्या माणसाचं पद करारात लिहावं. आणि हो, प्रस्ताव मागवले तर प्रस्ताव करण्याचेही पैसे द्यावेत. पाच कलावंतांकडून महिनाभराचा विचार फुकट घ्यायचा आणि एकाला काम द्यायचं, ही स्पर्धा नव्हे, उधारी आहे.

[दृश्य : व्हर्सायची बाग. लांब हिरवळ. दूर राजवाडा.]

काही गोष्टी कुठल्याच करारात बसत नाहीत. २०१५ मध्ये अनिश कपूर यांचं साठेक मीटर लांबीचं पोलादी शिल्प व्हर्सायच्या हिरवळीवर आलं, राजवाड्याकडे तोंड वासून. आधी त्यावर पिवळा रंग उडवला गेला. तो पुसला. सप्टेंबरमध्ये ज्यूद्वेषी मजकूर लिहिला गेला. कपूर म्हणाले, आता पुसायचं नाही. द्वेष झाला आहे, तो दिसू दे. एका स्थानिक नगरसेवकानं तक्रार केली, आणि न्यायालयानं तो मजकूर लोकांच्या नजरेआड करण्याचा हुकूम दिला. कपूर यांनी त्यावर सोन्याचा वर्ख चढवला.

वर्खाखाली अक्षरं आहेत हे सगळ्यांना ठाऊक. मला ती सोनेरी ठिगळं मूळ शिल्पापेक्षा जास्त बोलकी वाटतात. पण संग्रहालयाच्या व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसून ते पाहणं किती अवघड गेलं असेल, याचीही कल्पना करता येते. काचेच्या आतल्या वस्तूवर शेवटचा शब्द संग्रहालयाचा असतो. बाहेर ठेवलेल्या वस्तूवर तो कुणाचाच नसतो.

[दृश्य : टॉवर ऑफ लंडन. कोरडा खंदक. लाल रंग उतारावरून पसरत जातो.]

२०१४. पहिल्या महायुद्धाला शंभर वर्षं झाली होती. पॉल कमिन्स यांची मातीची, भाजलेली लाल पॉपीची फुलं आणि टॉम पायपर यांची मांडणी. ८,८८,२४६ फुलं. युद्धात गेलेल्या ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींमधल्या प्रत्येक सैनिकामागे एक. स्वयंसेवकांनी ती उन्हाळ्यापासून एकेक करून गवतात रोवली. खंदक रोज थोडा थोडा भरत गेला, आणि मुख्य म्हणजे तो भरताना दिसत होता. आकडा वाचून जे कळत नाही, ते लोकांना कठड्यावर उभं राहून कळलं.

शेवटचं फूल ११ नोव्हेंबरला, युद्ध थांबल्याच्या तारखेला, रोवलं. तोवर गर्दी इतकी वाढली होती की मुदत वाढवा, राहू द्या, अशी मागणी सुरू झाली. दोन भाग थोडे अधिक दिवस थांबले आणि मग देशभर फिरले. बाकीची फुलं काढली. ती आधीच विकली गेली होती, २५ पौंडांना एक, मदतसंस्थांसाठी. जी फुलं पाहायला लोक खंदकापाशी आले, त्यातलं एकेक आता घराघरांत होतं. ठरल्याप्रमाणे.

खंदकाला एकही कायमचा खड्डा पडला नाही.

[दृश्य : ग्रिनिच. नॅशनल मॅरिटाइम म्युझियमसमोर बाटलीतलं जहाज. शिडं रंगीबेरंगी.]

आता इतका वेळ जे सांगितलं, त्याला थोडा छेद देणारं एक काम. यिंका शोनिबारे यांची ही बाटली. आत ब्रिटिश नौदलाचा सेनानी नेल्सन याच्या ‘व्हिक्टरी’ जहाजाची प्रतिकृती आणि तिला ३७ शिडं. शिडांवरची नक्षी आफ्रिकी वाटते. मूळ इंडोनेशियाची, युरोपात छापलेली, पश्चिम आफ्रिकेत विकलेली. समुद्री व्यापाराचा सगळा इतिहास कापडातच.

ही बाटली या आवारासाठी केलेली नाही. ती होती लंडनच्या ट्रफाल्गर चौकात, नेल्सनच्या स्तंभाजवळच्या चौथऱ्यावर. हा चौथरा १८४१ पासून पुतळ्याची वाट पाहत होता. तिथेही पैसेच संपले होते. आता तिथे ठरावीक मुदतीसाठी नवी कामं येतात आणि जातात. बाटलीची मुदत २०१२ मध्ये संपली. मग लोकांनी वर्गणी काढली आणि ती इथे आणली.

सेरा यांची भिंत हलली आणि संपली. ही बाटली हलली आणि नाविक इतिहासाच्या संग्रहालयासमोर अशी बसली, जणू हिचाच पत्ता होता. दोन्ही कामं एका विशिष्ट जागेसाठी केलेली. फरक इतकाच, की बाटलीच्या बाबतीत ती एक दिवस उतरणार हे कलावंतासकट सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

[दृश्य : पुन्हा न्यूयॉर्क. संध्याकाळ. पायऱ्या रिकाम्या होताहेत. कॅमेरा कोनाड्यांवरून वर, खांबांच्या माथ्याकडे.]

कोनाड्यांना आता उसंत नाही. वरच्या दगडांना अजून कुणी हात लावलेला नाही. पाऊस पडला की ते थोडे गडद दिसतात, इतकंच.