वाकायचं कधी, उठायचं कधी

बालाघाटच्या पठारावर या पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत. बीड सोडून मांजरसुंब्याचा घाट चढून वर आलं, की समोरचा वारा सायकलवाल्याला मागं लोटायला लागतो.

सपाट रस्त्यावर ताशी 30 किलोमीटरनं जाताना पायांतला बहुतेक जोर हवा कापण्यातच जातो. त्यातही हवा सायकलीपेक्षा माणसाच्या अंगालाच जास्त अडते. वेग 25 वरून 30 वर न्यायचा, तर हवेशी झुंजायला जवळपास पावणेदोनपट ताकद लागते. म्हणून हँडलवर या दोन दांड्या, एअरोबार. कोपरं गादीवर टेकायची, हात पुढं जवळजवळ घ्यायचे, पाठ आडवी.

ट्रायथलॉनवाल्यांनी, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ करणाऱ्यांनी, हे आधी वापरले. मग 1989 साली टूर द फ्रान्स या अनेक दिवसांच्या सायकल शर्यतीचा शेवटचा दिवस उजाडला. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड पहिल्या नंबरवरच्या लॉराँ फिन्याँच्या 50 सेकंदांनी मागं होता. व्हर्साय ते पॅरिस, साडेचोवीस किलोमीटर, प्रत्येकानं एकट्यानं घड्याळाशी झुंजायचं. एअरोबार लावून तो निघाला आणि 8 सेकंदांनी टूर जिंकला. हरलेल्या फिन्याँच्या सायकलला असे बार नव्हते.

पण त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या नव्हत्या.

इथली एक शिक्षिका विहिरीत पोहायला शिकली. धावणं शाळेपासूनचं. यंदा पहिली ट्रायथलॉन करायची म्हणून एअरोबार बसवले. सुरुवात घरातच, ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर. सीट थोडी पुढं, गाद्या जरा उंच. पोट दबलं की श्वास लागतो. मान तर पहिल्यापासूनच बोलायला लागते.

रस्त्यावर आल्यावर खरी गंमत. ब्रेक राहिले मूळ हँडलवर, हात गेले पुढं. वजनही पुढं सरकलं, त्यामुळं हात जरा हलला की पुढचं चाक डुलतं. म्हणून आधी एक कोपर टेकवायचं, दुसरा हात ब्रेकवर. ते जमलं की दुसरं. नजर चाकावर नाही, लांब.

नवखे लोक किती वेळ वाकून राहिलो ते सांगतात. मराठवाड्यात विचारायला हवं, किती पटकन वर आलात? गाव आलं, वर. पांढरा पट्टा नसलेला गतिरोधक, वर. उलट्या बाजूनं मोटारसायकल, मेंढ्यांचा कळप, शेजारून टँकर, वर. उतारावर आणि घोळक्यात तर वाकायचंच नाही. समृद्धी महामार्ग बघून मोह होतो खरा, पण तिथं सायकलीला परवानगी नाही.

चहाच्या टपरीवर हमखास प्रश्न येतो: “मॅडम, झोपून सायकल चालवायलाव का?”

आता बाटली दोन्ही दांड्यांच्या मधे बांधायची आहे, म्हणजे पाण्यासाठी खाली हात घालायला नको. ट्रायथलॉनच्या ‘ऑलिम्पिक’ अंतरात सायकल 40 किलोमीटर. त्यातले किती वाकून जमतील, ते तिची मान ठरवेल. उतरल्यावर 10 किलोमीटर धावायचं आहेच.