आमेन म्हटल्यावर

सलाम मंडळी. पाळकसाहेबांनी विषय दिलाय ‘मनापासूनची प्रार्थना आणि आज्ञापालन’. वेळ वीस मिनिटं. त्यातली पाच माझी ओळख करून देणाऱ्यांनी घेतली. त्यांच्यासाठी आपण प्रार्थना करू. (हशा)

हसलात, पण माझी तक्रार हीच आहे. देवाशी बोलता बोलता आपण शेजाऱ्याला टोमणे मारतो. ‘हे प्रभू, जी भावंडं उपासनेला उशिरा येतात त्यांना जागं कर.’ हे प्रभूसाठी नसतं, मागच्या बाकासाठी असतं! काहींची प्रार्थना तर सेक्रेटरीचा अहवालच. मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात येशू म्हणतो, तुम्ही मागण्याआधीच पित्याला तुमची गरज ठाऊक आहे. मग त्याला बातम्या कशाला?

परळच्या एका चाळीत शुक्रवारी उपवास प्रार्थना असायची. चाळ आता नाही, टॉवर आहे. तिथे वॉचमन विचारतो, प्रार्थनेला किती जण? असो. एक गृहस्थ, नाव नको, दर शुक्रवारी डोळ्यांत पाणी आणून मागायचे, ‘प्रभू, माझ्या धाकट्या भावाचं मन वळव.’ आईच्या खोलीवरून दोघांत अबोला. भाऊ माहीमला. आम्ही आमेन म्हणायचो, मग चहा. एकदा चहाच्या आधीच एक म्हाताऱ्या काकी म्हणाल्या, ‘अरे, तुझी गाडी रोज माहीमवरूनच जाते ना? देवाला कशाला पाठवतोस, तूच उतर की.’

गृहस्थ चिडले. ‘काकी, मोठा मी आहे. आधी त्याने यायला हवं.’

‘मग हे आधी सांगायचंस. आम्ही एवढे शुक्रवार उपाशी कशाला राहिलो?’

गेले का? गेले, महिन्याभराने. खोलीचा वाद मिटला नाहीच, बोलणं मात्र सुरू झालं.

पाच मिनिटं उरलीत, अशी खूण होतेय. मुख्य मुद्दा राहिलाच! तर भरभर. काकी बोलल्या ते येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात आहे: वेदीपाशी आठवलं, की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला जा. भावाच्या मनात, बरं का. शौल राजाला देवाने शत्रूचं सगळं नष्ट करायला सांगितलं होतं, त्याने उत्तम मेंढरं यज्ञाच्या नावाखाली राखली. शमुवेल संदेष्ट्याने सुनावलं, यज्ञापेक्षा आज्ञा मानणं बरं. म्हणजे भक्तीचीही पळवाट होते.

आता घरी जाऊन ‘प्रार्थना नकोच’ म्हणू नका. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने दुःखाचा प्याला टळावा असं स्पष्ट मागितलं, आणि ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हेही म्हटलं. प्याला टळला नाही. पण प्रार्थनेनंतर झोपलेल्या शिष्यांना ‘उठा, आपण जाऊ’ म्हणणारा तोच.

कवी ना. वा. टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. आज्ञापालनाची किंमत घरच्यांनाही मोजावी लागते. यावर खरं तर वेगळं व्याख्यान हवं.

तरुण संघातून चिठ्ठी आलीय, ‘देवाची इच्छा कळणार कशी?’ बाळा, नोकरी आणि लग्नाबद्दल थांबावं लागेल. पण आईबापांचा मान राख, मजुराची मजुरी रात्रभर अडवून ठेवू नकोस, हे बायबलच्या निर्गम आणि लेवीय या पुस्तकांत लिहूनच दिलंय. ते चालू कर, बाकीचं मागत राहा. थांबतो, पाळकसाहेब उभे राहिलेत.