कुत्र्याच्या उंचीवरून मुंबई

नमस्कार, श्रोतेहो.

मे महिना सरत आला की मुंबईत सगळ्यांची एकच धावपळ सुरू होते. छत्रीची मोडलेली काडी बदलून घ्यायची, गच्चीला डांबर मारायचं, मुलांना गेल्या वर्षीचे रेनकोट होतायत का ते बघायचं. या गडबडीत घरातल्या कुत्र्याची आठवण कुणाला होत नाही. ती होते जुलैत, आणि मग आम्हा पशुवैद्यांच्या दवाखान्यात बाकावर बसायला जागा उरत नाही. म्हणून पाऊस यायच्या आधीच तुमच्याशी बोलायला आले आहे.

एक करून बघा. कुत्र्याच्या उंचीवरून मुंबई बघा. आपलं नाक जमिनीपासून पाच फूट वर असतं. लॅब्रॅडॉरचं दीड-दोन फुटांवर, डॅशहंडचं तर वीतभरच. आपण डबकं ओलांडून जातो, तो त्यात तोंड घालतो. जिन्याखाली ठेवलेली उंदराची गोळी आपल्याला दिसत नाही, त्याला तिचा वास लिफ्टपासून येतो. तो अनवाणी फिरतो आणि घरी आल्यावर तेच पाय चाटत बसतो. मुंबईतल्या कुत्र्यांची कितीतरी दुखणी या खालच्या दोन फुटांतून येतात, आणि मालकाचं लक्ष नेमकं तिथेच नसतं.

आधी पाण्याचं बोलू. उंदीर आणि घुशींच्या लघवीतून लेप्टोस्पायरा हे जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत लेप्टो पसरला होता, ते तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. तेव्हा बोलणं झालं ते माणसांचं. पण हेच जंतू कुत्र्यालाही ग्रासतात, आणि आजारी कुत्र्याच्या लघवीतून ते घरातल्या माणसांपर्यंत पोचू शकतात. पंजाला चीर पडलेली असली, कुठे खरचटलेलं असलं, तरी शिरायला तेवढी वाट पुरते.

तुमच्या कुत्र्याच्या लसीच्या पुस्तिकेत 'सेव्हन इन वन' किंवा 'नाइन इन वन' असं काहीतरी लिहिलेलं असेल. त्यात बहुधा लेप्टोही असतो. मात्र पार्व्हो आणि डिस्टेंपर या विषाणूंच्या आजारांपासूनचं संरक्षण जितकं टिकतं, तितकं लेप्टोचं टिकत नाही. ती लस दर वर्षी घ्यावी लागते. कधीच घेतली नसेल किंवा मोठा खंड पडला असेल, तर दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, आणि दुसऱ्या डोसानंतरही अंगात ताकद यायला थोडे दिवस जातात. म्हणजे रस्त्यावर गुडघाभर पाणी आल्यावर लस आठवून उपयोग नाही. शिवाय ही लस लेप्टोच्या काही जातींपुरतीच असते, त्यामुळे लस घेतलेल्या कुत्र्यालाही डबक्यातलं पाणी पिऊ द्यायचं नाही.

कुत्रा एकाएकी जेवेनासा झाला, ओकू लागला, अंग दुखल्यासारखा वाकून चालू लागला, लघवी फार वाढली किंवा अगदीच कमी झाली, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागला, तर 'उद्या बघू' म्हणू नका. लेप्टो वेळेत कळला तर प्रतिजैविकांना दाद देतो. मूत्रपिंडं बसली की काम अवघड होतं. आणि त्याची लघवी पुसताना हातमोजे घाला.

फिरून आल्यावर पाय साध्या पाण्याने धुवा आणि बोटांच्या मधली जागा कोरडी करा, तिथेच बुरशी धरते. फिनेलच्या पाण्याने पाय पुसू नका. ओल्या फिनेलच्या लादीवरही त्याला चालू देऊ नका. पंजे चुरचुरतात, आणि मग तो ते चाटतो.

पावसाळ्यात उंदीर वर येतात, म्हणून सोसायट्या विष ठेवतात. यातलं बरंचसं विष रक्त गोठू न देणाऱ्या जातीचं असतं. कुत्र्याने ते खाल्लं तर पहिले दोन-तीन दिवस तो अगदी ठणठणीत दिसतो. त्यानंतर हिरड्यांतून रक्त, नाकातून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, धाप. यावर व्हिटॅमिन के-वनचा उतारा आहे आणि वेळेत दिला तर कुत्रे वाचतात. म्हणून आपल्या इमारतीत कोणतं विष ठेवलंय ते सेक्रेटरींना आजच विचारा आणि पाकिटाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. सगळ्या विषांना हा उतारा चालत नाही, त्यामुळे तो फोटो डॉक्टरांच्या फार कामाचा. घरच्या घरी मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायला जाऊ नका. एवढं मीठ हेही कुत्र्याला विषच.

आता गोचीड. माझ्या मते मुंबईतल्या पाळीव कुत्र्यांचा खरा वैरी हाच. आपल्याकडची तपकिरी गोचीड जंगलात नव्हे, घरात राहते. मादी रक्त पिऊन फुगते, खाली पडते, भिंतीच्या फटीत, खिडकीच्या चौकटीत, सोफ्याच्या शिवणीत शिरते आणि तिथे हजारो अंडी घालते. त्यातून निघालेली पिल्लं पुन्हा कुत्र्यावर चढतात, रक्त पितात, उतरतात, कात टाकतात, परत चढतात. म्हणून अंगावरच्या चार वेचून फेकल्या की लोकांना वाटतं, काम झालं. चौदाव्या मजल्यावर राहणारेही म्हणतात, 'आमच्याकडे कुठून येणार?' तुमच्याच कुत्र्याने लिफ्टमधून आणलेली असते, आणि तिला भिंत चढायलाही येतं.

या गोचिडीच्या चाव्यातून एर्लिकिया आणि बबेसिया हे जंतू रक्तात जातात. त्यालाच आपण टिक फीवर म्हणतो. एर्लिकियात प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, घसरतात, कधी नाकातून रक्त येतं, कुत्रा मलूल होतो. कधी सुरुवातीचा ताप आपोआप उतरतो, मालक निर्धास्त होतो, आणि काही महिन्यांनी तेच दुखणं रक्त आटवून परत येतं. बबेसियात रक्तातल्या लाल पेशी फुटतात. हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी कॉफीच्या रंगाची होते. रक्ताच्या तपासणीत दोन्ही कळतात. एर्लिकियाच्या गोळ्या साधारण चार आठवडे चालतात. चौथ्या दिवशी कुत्रा शेपूट हलवत चिकन मागू लागला म्हणून गोळ्या बंद करणारे मालक आम्हाला दर वर्षी भेटतात. कृपा करून कोर्स पुरा करा.

गोचीड काढायची तर चिमट्याने, कातडीला अगदी लागून धरायची आणि सरळ ओढायची. रॉकेल नको, उदबत्तीचा चटका नको, आणि बोटांनी चिरडायची तर मुळीच नाही. महिन्याच्या गोळ्या असतात, तीन महिन्यांच्या असतात, मानेवर सोडायचे थेंब असतात. कुत्र्याला फिट येत असेल तर त्यातल्या काही गोळ्या टाळाव्या लागतात, म्हणून डॉक्टरांना विचारून घ्या. घरात मांजर असेल तर कुत्र्याचे थेंब तिला लावू नका. त्यांतल्या काहींत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असतं, ते मांजराच्या जिवावर बेतू शकतं. आणि गावाहून मामांनी पाठवलेलं गुरांचं फवारणीचं औषध असेल, तर ते गुरांसाठीच राहू द्या. फवारणी करणाऱ्यांना घरी बोलवाल तेव्हा कुत्र्याला दिवसभर बाहेर ठेवा आणि लादी वाळल्यावरच आत घ्या.

पाऊस प्रत्यक्ष पडेपर्यंतचे हे आत्ताचे दिवस मात्र वेगळ्या कारणाने वाईट आहेत. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, जिभेवरचं आणि श्वासनळीतलं पाणी उडून जातं, तसा तो गार होतो. पण दोरीवरचे कपडे वाळत नाहीत अशा हवेत त्याच्या जिभेवरचं पाणी तरी कसं वाळणार? नागपूरच्या 44 अंशांपुढे मुंबईचे 34 अंश आपल्याला किरकोळ वाटतात. त्याला ते तसे वाटत नाहीत. पग, बुलडॉग, शित्झू यांची नाकं बसकी, त्यांना तर साधा श्वास घेतानाही कष्ट पडतात. हस्की आणि सेंट बर्नार्ड मुंबईत पाळूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. आता घरात आलाच असेल, तर सांभाळा, पण त्याची लव कातडीपर्यंत भादरू नका. ती लव उन्हापासून आडही करते.

फिरायला सकाळी सातच्या आत न्या, नाहीतर रात्री. डांबरावर हाताची मागची बाजू ठेवून बघा, सात सेकंद धरवली नाही तर त्याचे पंजेही भाजणार. गाडीत 'पाच मिनिटांत येतो' म्हणून त्याला काचा लावून ठेवायचं नाही, काच बोटभर खाली केली तरी नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. 104 च्या वर गेलं, जीभ-हिरड्या लालबुंद झाल्या, लाळ चिकट झाली, चालताना झोक जाऊ लागला, की ऊष्माघात समजा. नळाचं पाणी अंगावर ओता, पंखा लावा, आणि हे करत असतानाच दवाखान्याकडे निघा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवला तर आतली उष्णता तिथेच कोंडते. जबरदस्तीने पाणीही पाजू नका.

जुहू किंवा वर्सोव्याच्या किनाऱ्यावर नेणाऱ्यांसाठी थोडं. पावसाळ्यात तिथे निळसर फुग्यांसारखे ब्लू बॉटल नावाचे समुद्री जीव येऊन पडतात. ते मेलेले असले तरी त्यांचे धागे डंख मारतात, आणि कुत्रा सगळ्यात आधी नाकच लावतो. डांबराचे गोळेही येतात. ते पंजाला चिकटले तर खोबरेल तेलाने निघतात, पेट्रोल-डिझेल लावू नका.

आता स्वयंपाकघर. चॉकलेट चालत नाही हे बहुतेकांना माहीत असतं. पण आजोबा प्रेमाने रव्याचा लाडू भरवतात, त्यात बेदाणे असतात, आणि बेदाणे-द्राक्षांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कुणाला किती सोसेल याचा नेम नाही. त्यांतल्या टार्टरिक आम्लामुळे हे होत असावं असं आता मानतात, आणि ते चिंचेतही भरपूर असतं. म्हणजे चिंच-गुळाच्या आमटीत कालवलेला भातही नको. कांदा-लसणाने लाल पेशी फुटतात, शिजवलेल्या मटणाचं हाड फुटून त्याची अणकुचीदार कुसळं आतड्यात रुततात. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये गोडीसाठी घातलेला झायलिटॉल थोडासा पोटात गेला तरी रक्तातली साखर झपाट्याने खाली जाते. आणि दूध-पोळी? त्याने कुत्रा मरत नाही, पण वाढत्या पिल्लाची हाडं त्यावर होत नाहीत. अंडं, उकडलेलं चिकन घाला, किंवा पिल्लांसाठीचं तयार खाणं द्या.

आपला औषधांचा डबा त्याच्यापासून लांब ठेवा. पाय लंगडतोय म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखं दुखण्यावरचं औषध दिलं की पोटात अल्सर आणि मूत्रपिंडांचं नुकसान. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल दिलं की यकृतावर घाला. मांजराचा जीव जायला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही पुरते. औषधाच्या दुकानातल्या काकांनी सांगितलं, म्हणून देऊ नका. ते माणसांचे जाणकार आहेत.

रेबीजबद्दल लांबवत नाही, पण सोडतही नाही. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की लस, पुढे डॉक्टर सांगतील तसा बूस्टर, मग दर वर्षी. महापालिकेचा परवाना काढताना हे प्रमाणपत्र लागतंच. कुठलाही कुत्रा चावला, ओरखडला किंवा जखम चाटली, तर आधी नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. मिरची, चुना, हळद काही नाही. मग लगेच महापालिकेच्या रुग्णालयात जाऊन लस. एकदा लक्षणं दिसली की रेबीजमधून जवळजवळ कुणीच वाचत नाही.

कुत्रा चांगला असतानाच त्याच्या हिरड्या बघून ठेवा. बोटाने दाबून सोडल्या की दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. झोपेत तो मिनिटाला किती श्वास घेतो तेही एकदा मोजून ठेवा. मग रात्री दोन वाजता फोनवर 'कसंतरीच करतोय' एवढंच सांगण्यापेक्षा नेमकं काहीतरी सांगता येईल. झटका आला, लंगडला, खोकला, तर व्हिडिओ काढा. दवाखान्यात शिरल्यावर कुत्रे हमखास तसं करायचं थांबतात.

रात्री कुठे जायचं तेही आधीच ठरवून ठेवा. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, म्हणजे जुन्या मुंबईकरांचं बैलघोडा, तुम्हाला माहीत असेलच. तिथेच 1886 मध्ये सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. महालक्ष्मीला 2024 मध्ये टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं. तुमच्या घरापासून जवळचं कुठलं रात्री उघडं असतं, ते विचारून नंबर फ्रिजवर लावा. कुत्रा घेऊन रात्री रिक्षा मिळत नाही, म्हणून ओळखीच्या एका रिक्षावाल्यालाही सांगून ठेवा आणि सीटवर घालायला जुनी चादर हाताशी असू द्या. कितीही प्रेमळ कुत्रा असो, वेदनेत चावतो, हे उचलताना लक्षात असू द्या.

एक विनंतीही आहे. टिक फीवरमध्ये आणि उंदराच्या विषात रक्त चढवावं लागतं, आणि ते दुसऱ्या कुत्र्याकडूनच मिळतं. तुमचा कुत्रा पंचवीस किलोंच्या वर असेल, एक ते आठ वर्षांचा, निरोगी, सगळ्या लसी झालेला, तर तो रक्तदाता होऊ शकतो. जुलै-ऑगस्टमध्ये असा दाता शोधताना आमची फार धावाधाव होते. पावसाळ्याआधी लसीसाठी याल, तेव्हा तुमच्या डॉक्टरांकडे त्याचं नाव नोंदवून ठेवा.

नमस्कार.