लाईट गेल्यावर टँकमधलं पाणी कुठे जातं?

नमस्कार मंडळी. माझ्याकडे पुण्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, चार बाय दोन बाय दोन फुटांचा, खाऱ्या पाण्याच्या माशांचा टँक आहे. संपासकट, म्हणजे टँकखालच्या कॅबिनेटमधल्या छोट्या टाकीसकट, सगळं मिळून साधारण ४०० लिटर पाणी त्यात फिरतं: टँकमधून ते पाईपने खाली संपात पडतं आणि पंप ते रिटर्न पाईपने परत वर पाठवतो. एक क्लाउनफिशची जोडी, एक पिवळा टँग, एक गोबी, दोन क्लीनर श्रिम्प आणि बऱ्याच गोगलगायी. प्रवाळ ठेवत नाही, कारण कडक प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत आणि दुकानात कुणी देतो म्हणाला तरी ते घ्यायचे नाहीत, हे नवीन लोकांना आधीच सांगून ठेवतो.

आज मला फक्त पाईपांबद्दल बोलायचंय. आपण मासे, लाईट, मीठ यावर तासन् तास बोलतो, पण टँकच्या मागे आणि खाली जे पीव्हीसी असतं ते एकदा चिकटवलं की पाच वर्षं कुणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं.

झालं असं, की आमच्याकडे गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाईट जाते, पुण्यातल्या लोकांना हे नवीन नाही. त्या गुरुवारी सकाळी मी ऑफिसला निघून गेलो, दहाच्या सुमारास लाईट गेली, पंप बंद झाला, आणि अकरा वाजता खालच्या काकूंचा फोन आला की आमच्या हॉलच्या छतातून पाणी टपकतंय. मी घरी पोचलो तेव्हा कॅबिनेटमधून पाणी बाहेर येऊन लादीवर पसरलं होतं, आणि एक्स्टेन्शन बोर्ड त्या पाण्यापासून चार बोटांवर होता. ते चित्र अजून डोळ्यासमोरून जात नाही. त्या दिवशी लाईट नव्हती म्हणून कुणाला शॉक बसला नाही. काकूंच्या छताचं पीओपी मी करून दिलं, त्या कधी वाकडं बोलल्या नाहीत, पण मला दोन रात्री झोप नव्हती.

आता हे का झालं ते नीट बघू, कारण हिशोब अगदी सोपा आहे आणि तो टँक बसवायच्या आधी पाच मिनिटांत करता आला असता. टँकची लांबी-रुंदी १२० गुणिले ६० सेंटीमीटर, म्हणजे पाण्याची पातळी १ सेंटीमीटर खाली गेली की ७.२ लिटर पाणी निघालं. माझ्या रिटर्न पाईपचं तोंड मी पाण्याच्या १२ सेंटीमीटर खाली ठेवलं होतं, प्रवाह दगडांच्या मागे जावा म्हणून. पंप बंद पडला की तोच पाईप उलटा सायफन होतो आणि तोंड उघडं पडेपर्यंत पाणी संपात ओढत राहतो. १२ गुणिले ७.२, म्हणजे जवळपास ८६ लिटर. संप माझा ९० बाय ४० चा, त्यात वर १० सेंटीमीटर जागा मोकळी, म्हणजे ३६ लिटर. उरलेले ५० लिटर कुठे जाणार? काकूंच्या छतात.

आता तुम्ही म्हणाल, सायफन तोडायला, म्हणजे पाईपमध्ये हवा शिरून ओढ थांबायला, भोक नव्हतं का, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा चेक वॉल्व्ह नव्हता का. दोन्ही होतं. हा बघा तो जुना पाईप, मी मुद्दाम कापून आणलाय, मागेपर्यंत फिरवा. पाण्याच्या पातळीच्या जरा खाली ३ मिलिमीटरचं भोक पाडलं होतं, ते आता शोधून दाखवा. नाही सापडणार. गुलाबी कोरलाईन शेवाळाचा थर चुनखडीसारखा त्याच्यावर बसलाय, नखाने उकरलं तरी निघत नाही. टँकवरच्या दिव्याच्या सगळ्यात जवळ तेच भोक, म्हणून शेवाळ तिथे आधी धरतं. आणि हा चेक वॉल्व्ह, याच्या झडपेच्या कडेला ती पांढरी बारीक वेटोळी दिसतायत ना, ते नळीत राहणाऱ्या किड्यांचं घर आहे, मोहरीएवढं, पण तेवढ्याने झडप पूर्ण बसत नाही आणि पाणी उलटं जात राहतं. गोड्या पाण्यात चेक वॉल्व्ह वर्षानुवर्षं चालतो, खाऱ्या पाण्यात त्याच्यावर काहीतरी वाढणारच. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, चेक वॉल्व्ह लावायचा असेल तर लावा, पण तो नाहीच असं धरून हिशोब करा.

खरा धडा मला आमच्या सोसायटीच्या प्लंबर दादांनी दिला. ते बघायला आले, सगळं पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, गच्चीवरच्या टाकीला ओव्हरफ्लो असतो ना, त्याला आम्ही कधी कॉक लावत नाही. बाकी सगळं बंद पडलं तरी तो उघडाच पाहिजे." बस, मला माझ्या टँकमध्ये काय चुकलंय ते त्या एका वाक्यात कळलं. माझ्याकडे खाली जाणारा पाईप एकच होता, दुर्सो पद्धतीचा, म्हणजे वर टी, टीला झाकण आणि झाकणाला हवेचं छोटं भोक. त्यात एखादी गोगलगाय शिरली असती तर पाणी वरूनच सांडलं असतं, आणि तेव्हा पंप चालू असता, म्हणजे संप रिकामा होईपर्यंत.

मग ठरवलं, सगळं काढायचं आणि तीन पाईपांची बीन अॅनिमल पद्धत करायची. पहिला पाईप पूर्ण सायफन. ड्रममधून रॉकेल काढताना नळी ओढून सोडली की कशी सलग धार लागते, हवेचा थेंब नाही, आवाज नाही, तसा. त्याला खाली गेट वॉल्व्ह, त्याने प्रवाह बारीक करायचा. दुसरा पाईप उघडा, त्यातून पाईपच्या आतल्या भिंतीला धरून अगदी थोडं पाणी उतरतं, सायफनने जे घेतलं नाही तेवढंच. तिसरा पाईप या दोघांपेक्षा दोन-तीन सेंटीमीटर उंच, एरवी कोरडा, आणि त्याला कुठलाही वॉल्व्ह नाही, तोच आपला गच्चीवरचा ओव्हरफ्लो.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट दुसऱ्या पाईपमध्ये आहे. त्याच्या झाकणात हवेची बारीक नळी बसवायची, एअर पंपाला असते ती, आणि तिचं टोक नेहमीच्या पातळीच्या जरा वर पण टँकच्या काठाच्या खाली ठेवायचं. पहिला पाईप तुंबला की पाणी चढतं, नळीचं टोक बुडतं, हवा बंद होते आणि तो उघडा पाईप आपोआप पूर्ण सायफन होतो, मोठ्ठा आवाज करत पाणी खेचायला लागतो, आणि तो आवाज झाला की शेजारच्या खोलीतसुद्धा कळतं काहीतरी बिघडलंय. सेन्सर नाही, वायर नाही, लाईटही लागत नाही.

भोकं पाडायचं काम मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. ज्याने टँक बनवला त्याला आधी विचारून खात्री केली की मागची काच टफन्ड नाही, कारण टफन्ड काचेला ड्रिल लावलं की अख्खी काच चुरा होते. मासे तीन दिवस ड्रममध्ये, एअर स्टोन लावून, आणि संपातला सिरॅमिक मीडिया त्याच पाण्यात बुडवून ठेवला, त्याच्यातले अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया मेले तर नंतर अमोनियाने मासे जातात. डायमंडचा कोअर बिट, स्पीड कमी, सतत पाणी, मागून चिकटपट्टी, आणि हाताने जोर अजिबात नाही, ड्रिलच्या वजनाने जेवढं कापेल तेवढंच. एका भोकाला पंधरा-वीस मिनिटं लागली. टँक निपलचा, म्हणजे काचेच्या भोकात बसवून पाईप जोडायच्या तुकड्याचा, रबर वॉशर डोक्याच्या बाजूने, पाण्याकडे. नट हाताने घट्ट आणि वर थोडासाच पीळ. सिलिकॉन फासू नका, पीव्हीसीला ते नीट धरत नाही.

डोकं कुठे फिरलं सांगू? पाईपांच्या मापात. पेठेतल्या दुकानात गेलो, टँक निपल बाहेरून मागवलेला, त्यावर ३२ लिहिलेलं, आणि दुकानदाराने एक इंची पाईप दिला, म्हणाला एकच आहे सर. एकच नाही. इंची मापातल्या एक इंच पाईपचा बाहेरचा व्यास ३३.४ मिलिमीटर भरतो आणि मेट्रिकवाला बरोबर ३२. पाऊणचंही तसंच, २६.७ आणि २५. एक दुसऱ्यात जात नाही, किंवा सैल जातो आणि माणूस म्हणतो पीव्हीसी चिकटवायचं सोल्युशन जास्त लावू, बसेल. बसत नाही, सहा महिन्यांनी तिथूनच मिठाची पांढरी रेघ उमटते. दुकानात व्हर्नियर घेऊन जा, दुकानदार काहीही म्हणू दे, मोजूनच घ्या.

आणि गेट वॉल्व्ह मागितला की हमखास पितळी हातात ठेवतात. पितळात तांबं असतं आणि खाऱ्या पाण्यात ते उतरतं, माशांना एकवेळ चालेल पण श्रिम्प आणि गोगलगायी तांब्याने मरतात. पीव्हीसीचा गेट वॉल्व्ह मला ऑनलाइन मागवायला लागला, महाग पडला, पण बॉल वॉल्व्हने हे जमत नाही, तो केसभर फिरवला की प्रवाह एकदम बदलतो. स्टीलचे क्लॅम्पसुद्धा नकोत, स्टेनलेस लिहिलेलं असलं तरी गंजतात. वॉल्व्हच्या वर-खाली आणि पंपाजवळ युनियन, म्हणजे हाताने उघडता येणारा जोड, टाका, म्हणजे साफ करताना करवत घ्यायला लागणार नाही. सायफनचं खालचं टोक संपाच्या पाण्यात दोन-तीन सेंटीमीटरच बुडवा, जास्त बुडवलं तर पाईपमधली हवा बाहेर पडत नाही आणि लाईट आल्यावर सायफन सुरूच होत नाही.

पंपाच्या खोक्यावर ताशी ४००० लिटर लिहिलंय. मी रिटर्नखाली २० लिटरची बादली धरली, ३६ सेकंदांत भरली, म्हणजे ताशी २०००. उंची आणि एल्बो मिळून निम्मं खातात. मला तेवढं पुरतं, टँकमधला प्रवाह वेव्हमेकर, म्हणजे आतच पाणी ढवळणारा छोटा पंखा, सांभाळतो, म्हणून मोठा पंप घेतला नाही. नव्वद अंशांच्या एल्बोच्या जागी जमेल तिथे दोन पंचेचाळीस अंशांचे टाकले.

रिटर्नचं तोंड आता पाण्याच्या २ सेंटीमीटर खाली आहे. पंप बंद झाल्यावर टँकची पातळी काठापासून मोजली तर अडीच सेंटीमीटर उतरते, म्हणजे १८ लिटर, पाईपातलं धरून २०. संपात जागा ३६ ची. संपाच्या काचेवर लाल मार्करने रेघ मारलीय, पंप चालू असताना पाणी त्या रेघेच्या वर कधीच भरायचं नाही, घरातल्या सगळ्यांना ती रेघ माहितीय. इलेक्ट्रिकचा बोर्ड कॅबिनेटमधून काढून भिंतीवर कमरेच्या वर नेला, करंट गळला की लाईट तोडणारा ईएलसीबी लावला, आणि प्रत्येक वायर बोर्डच्या खाली लोंबती सोडून मग वर नेली, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खालीच टपकतं. हे काम पाईपांच्या आधी करा.

मीठ घालायच्या आधी साध्या पाण्यावर टेस्ट घ्या. मी पंप वीस वेळा बंद-चालू केला. मग सायफनचा वॉल्व्ह पूर्ण बंद करून दुसरा पाईप खेचतोय का पाहिलं, मग दोन्ही तोंडांवर हात ठेवून तिसऱ्यात पाणी पडतंय का पाहिलं. तिसऱ्यात पाणी पडताना ऐकलं तेव्हा खरं सांगतो, अंगावर काटा आला.

एकांनी मघाशी ऑटो टॉप-ऑफबद्दल, म्हणजे उडून गेलेलं पाणी आपोआप भरून काढायच्या सोयीबद्दल, विचारलं होतं. बाष्पीभवनाने गेलेल्याच्या जागी डब्यातून गोडं पाणी भरणारी ती नळी संपाच्या पाण्यात बुडवू नका, डबा उंचावर असेल तर तीसुद्धा सायफन होते. आणि डबा १० लिटरपेक्षा मोठा ठेवू नका. पाणी भरणं थांबवणारा फ्लोट अडकून अख्खे १० लिटर आत गेले तरी माझ्या ४०० लिटरमध्ये क्षारता हजारी ३५ वरून ३४ च्या आसपास येते, मासे सहन करतात. पन्नास लिटरचा डबा असता तर एकतीसवर आली असती, आणि संपाबाहेर गेलं ते वेगळंच.

आता मागून प्रश्न आला की हे सगळं किती दिवसांनी तपासायचं. मी महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, घरात असताना स्वतःच पंपाचं बटण बंद करतो आणि पाणी कुठे थांबतं ते बघतो. रिटर्नला आता दोन भोकं आहेत, दोन्हीत टूथपिक घालून फिरवतो, तेवढ्यात पातळी थांबलेली असते. गेल्या महिन्यात संपातलं पाणी नेहमीपेक्षा बोटभर वर थांबलं, मग बघितलं तर एका भोकावर गुलाबी ठिपका धरायला लागला होता.